मॉस फोरनच्या लेकीचा आराखडा

मॉस फोरनची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्या सहा जणांत पुढे डावीकडे रेडमंड कॅडोगन होता. डर्व्हलाला हे देवळाच्या पायऱ्यांवर दिसलं, आणि तिथून पुढे पाद्री काय बोलला त्यातलं एक अक्षरही तिच्या कानात शिरलं नाही. ती बापाच्या पेटीकडे बघतच नव्हती. कॅडोगनच्या मानेकडे बघत होती. जाड, लालसर, त्याच सकाळी न्हाव्याकडून नीट करून आणलेली मान.

"ह्याला कोणी बोलावलं?" तिने धाकट्या भावाला विचारलं.

"कोणी नाही. आला आणि उभा राहिला," कॉर्मॅक पुटपुटला. बापाला घरात 'दा' म्हणत. "नको कसं म्हणणार, डर्व? दा त्याच्याकडे कामाला होता. मी त्याच्या बोटीवर आहे."

डर्व्हला तेव्हा चोवीस वर्षांची होती. गॉलवेला समुद्री जीवशास्त्र शिकत होती. पेटीवर मातीचं पहिलं फावडं पडलं तेव्हा तिने ठरवलं की शिक्षण संपवून आपण परत यायचं, आणि ह्या माणसाला ह्याच बंदरात, ह्याच लोकांसमोर पाण्याबाहेर काढायचं. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. घाई नव्हती.

बॅलीक्रॉन ह्या त्यांच्या बंदरगावात सगळ्यांना माहीत असलेली आणि कोणीच न बोललेली गोष्ट अशी होती.

डर्व्हला पंधरा वर्षांची असताना वॉटरफर्डच्या किनाऱ्यावर गाभोळीचं वेड आलं होतं. जपानी व्यापाऱ्यांना हेरिंग माशाची गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, हवी असे, तीही अंडी घालण्याच्या अगदी तोंडावर आलेल्या मादीची. जाळ्यात मात्र निम्मे नर येत. त्यांना कोणी विचारत नसे. मग मोठ्या बोटी माद्या ठेवून नर समुद्रात ओतून देत. त्या जानेवारीत दक्षिणेचा वारा चार दिवस लागून राहिला आणि ओतलेलं सगळं परत आलं. दोन मैल वाळूवर घोटाभर मेलेले हेरिंग. कुरव पक्षी इतके खाऊन बसले की त्यांना उडता येईना. टीव्हीवाले आले, मंत्रालयातून माणसं आली, आणि कोणाचं तरी नाव देणं भाग पडलं.

कॅडोगन तेव्हा मच्छीमार संघाचा अध्यक्ष होता. बंदरातली सगळ्यात मोठी बोट त्याची, मासे साफ करायची शेडही त्याचीच. त्याने आणि त्याच्या तीन माणसांनी सांगितलं, आम्ही 'आयलीन'ला मासे ओतताना पाहिलं. 'आयलीन' म्हणजे मॉस फोरनची चाळीस फुटी बोट. तिच्या पोटात मावतील तेवढे सगळे हेरिंग ओतले असते तरी वाळूचा एक कोपरा भरला नसता. हे धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण प्रत्येकाचा मासा कॅडोगनच्या शेडमध्ये जात होता. कोणी तोंड उघडलं नाही.

मॉसचा परवाना गेला. बोट भंगारात गेली. परवान्याबरोबरचा पकडीचा वाटा, म्हणजे वर्षाला ठरलेला मासा धरायचा हक्क, कॅडोगनच्या बोटीला जोडला गेला. आणि मॉस कॅडोगनच्याच शेडमध्ये पेट्या धुवायला लागला, कारण गावात दुसरं काम नव्हतं. रोज सकाळी कॅडोगन आत येताना म्हणे, "काय मॉस, बरं आहे ना?" मॉस हातातली नळी खाली धरून म्हणे, "बरं आहे, मिस्टर कॅडोगन." नऊ वर्षं. डर्व्हला सुट्टीत डबा घेऊन जाई तेव्हा तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बापाच्या आवाजात राग नसे, हे तिला सगळ्यात जास्त झोंबे. पुढे त्याची छाती धरली ती सुटलीच नाही.

*

हेरिंगने मात्र कॅडोगनचंही ऐकलं नाही. दहाएक वर्षांत मासा इतका आटला की दोन हिवाळे बोटी धक्क्याला बांधून ठेवाव्या लागल्या. सरकारने सांगितलं, लांबचा विचार करून एक आराखडा बनवा, नाहीतर आम्ही मासेमारी कायमची बंद करू. मग समिती बसली. त्यात मोठ्या बोटींचे मालक, लहान बोटवाले, शेडवाले आणि एक शास्त्रज्ञ. शास्त्रज्ञ म्हणून डर्व्हला फोरन आली. पस्तिशीची, आखूड केसांची, कमी बोलणारी. अध्यक्ष अर्थात रेडमंड कॅडोगन.

"मॉसची पोरगी!" पहिल्या बैठकीत त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुझा बाप फार सज्जन माणूस. असता तर आज किती अभिमान वाटला असता."

"हो, मिस्टर कॅडोगन," डर्व्हला म्हणाली.

दीड वर्ष ते लोक सहकारी संस्थेच्या वरच्या हॉलमध्ये दर महिन्याला भेटत होते. चहा, हॅमची सँडविचेस, मनुक्यांचा पाव, आणि भांडणं. डर्व्हला नकाशे पसरून सांगे. ऑक्टोबरमध्ये संशोधन बोट पाण्यात आवाज सोडून, परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा मोजेल. साठा एका रेषेच्या खाली असेल तर कोणीही जाळं टाकायचं नाही. वर असेल तर पाचातला एक मासा घ्यायचा, चार सोडायचे. आणि किनाऱ्याजवळची खडी, म्हणजे तळावरचा गोट्यांचा पट्टा, जिथे हेरिंग अंडी घालतो, ती मोठ्या बोटींना पूर्ण बंद. लहान बोटींना तिच्या कडेकडेने थोडा वाटा.

"हेरिंग मोजणं म्हणजे आमच्या बायकोला वय विचारणं," लहान बोटवाला पॅक्सी व्हिटल म्हणाला. "आकडा मिळतो. पण कोणत्या सालचा, ते देव जाणे."

"तुझ्या बायकोपेक्षा हेरिंग खरं बोलतो, पॅक्सी," डर्व्हला म्हणाली. "त्याच्या कानात खडा असतो, त्यावर वर्षाला एक कडं उमटतं."

"मग आमच्या हिच्या कानातही बघून ये एकदा."

कॅडोगन हसला नाही. तो नकाशावर बोट ठेवून होता. "ही बंदीची रेष दोन मैल आत घे, पोरी. बाहेरच्या बाजूला खडी नाहीच. मी तिथे चाळीस वर्षं जाळं ओढतोय."

"म्हणूनच तुम्हाला माहीत आहे की तिथे खडी आहे," डर्व्हला शांतपणे म्हणाली. "रेष हलणार नाही."

"बापासारखीच अडेलतट्टू."

पुढच्या बैठकीआधी डर्व्हला स्वतः त्याच्या कचेरीत गेली आणि एक कागद समोर ठेवला. अकरावं कलम. बंद खडीवर जाळं टाकणाऱ्या किंवा पकडलेला मासा पाण्यात फेकणाऱ्या बोटीचा हेरिंगचा वाटा आराखडा संपेपर्यंत रद्द होईल आणि तो लहान बोटींत वाटला जाईल. जबाबदारी मालकाची राहील. बोट नेणाऱ्या तांडेलाचं किंवा खलाशांचं नाव पुढे करून मालकाला सुटता येणार नाही.

"हे मी मांडलं तर लहान बोटवाल्यांची बाजू घेते म्हणतील," ती म्हणाली. "अध्यक्षांनी मांडलं तर वजन पडेल. वर्तमानपत्रवालेही विचारतायत, मच्छीमार स्वतःला काय शिस्त लावणार म्हणून."

कॅडोगनने कागद वाचला. वाचताना तो वर्तमानपत्रातला स्वतःचा फोटोच बघत असावा. बैठकीत त्याने ते कलम टेबलावर हात आपटून मांडलं, आणि आठवड्याभरात फोटो खरंच छापून आला. निळा लोकरीचा स्वेटर, मागे बंदर, खाली मोठ्या अक्षरांत त्याचं वाक्य, नियम मोडणाऱ्याला आमच्यात जागा नाही. डर्व्हलाने तो अंक विकत घेतला आणि आईच्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला.

आईने चष्मा लावून फोटो पाहिला. मग त्यावर बटाटे सोलले.

*

सगळ्यांना वाटलं होतं की डर्व्हला मासा वाचवायला आली आहे. तेही खोटं नव्हतं. आराखडा तिने जीव ओतून केला होता, आणि दुसऱ्याच वर्षी ऑक्टोबरची मोजणी वर सरकली तेव्हा ती संशोधन बोटीवर एकटीच हसली होती. पण दर हिवाळ्यात प्रत्येक बोटीच्या मालातले पन्नास मासे ती स्वतः तपासत होती, आणि 'मॉर्निंग ग्रेस' धक्क्याला लागली की तिच्या बोटांना वेगळीच घाई सुटे. 'मॉर्निंग ग्रेस' कॅडोगनची. डर्व्हलाला त्या माणसाचा स्वभाव ठाऊक होता. गाभोळीचा व्यापारी परत आला की हा खडीवर जाणार. फक्त वाट बघायची.

व्यापारी तिसऱ्या हिवाळ्यात आला. आणि तोपर्यंत 'मॉर्निंग ग्रेस'चा तांडेल झाला होता कॉर्मॅक फोरन.

नाताळच्या आधीचा आठवडा होता. दुपारी दोनला बोट आली, ठासून भरलेली. कागदावर लिहिलं होतं, पस्तीस मैल दक्षिणेला पकड. बोटीची जागा दाखवणारं यंत्र त्या दिवशी वायर तुटून बंद पडलं होतं म्हणे. डर्व्हलाने पहिली मादी हातात घेतली, पोटावर अंगठा नुसता टेकवला, आणि अंडी रव्यासारखी सांडली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. अशा माद्या पस्तीस मैल बाहेर भटकत नाहीत. त्या खडीवर आलेल्या असतात.

ती शिडीवरून बोटीच्या पोटात उतरली. खलाशी मागे सरले. तळाच्या कोपऱ्यात, बर्फाच्या चिखलात हात घालून तिने चाचपलं आणि मूठ वर काढली. चार गोटे. चारही गोट्यांवर मोहरीएवढी, एकमेकांना घट्ट चिकटलेली अंडी.

ती वर आली तेव्हा कॉर्मॅक सुकाणूच्या खोलीच्या दारात उभा होता. तोंडावर रंग नव्हता.

"हे गोटे पोहत आले का रे?"

"डर्व, ठेव ते खाली."

"त्याने पाठवलं का तुला?"

"मी काय म्हणतो, ठेव ते." त्याने मागे बघून आवाज उतरवला. "फोन आला होता. व्यापारी उद्या जातोय म्हणाला, रिकाम्या हाताने आलास तर दुसरा तांडेल बघतो म्हणाला. मला तीन पोरं आहेत. तुझं काय, तुला मासे आहेत."

डर्व्हलाने गोटे पिशवीत घातले, पिशवीवर तारीख आणि बोटीचं नाव लिहिलं, आणि दोन खलाशांची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉर्मॅक आईच्या घरी तिच्यावर तुटून पडला.

"तू मला गळाला लावून सोडलंस. स्वतःच्या भावाला! ते कलम लिहिलंस तेव्हा मी त्याच्याच बोटीवर होतो. डोक्यात आलं नाही तुझ्या, की उद्या जाळं माझ्याच हाताने पडेल?"

"आलं होतं."

"आलं होतं?"

"म्हणूनच मालक हा शब्द घातला. तांडेलाचं नाव पुढे करता येणार नाही, ही ओळ मी तुझ्यासाठी लिहिली. तो काय करणार ते मला माहीत आहे. दाच्या वेळी केलं तेच करणार."

"नोकरी तर माझी जाणारच ना!"

"जाईल."

कॉर्मॅकने आईकडे बघितलं. आई भांडी पुसत होती. "मॅम, सांग ना हिला काहीतरी."

"काय सांगू?" आई म्हणाली. "नऊ वर्षं मी त्या माणसाच्या शेडचा वास धुतला तुमच्या बापाच्या कपड्यांतून. गेला नाही. तू बस, चहा घे."

तो चहा न घेता निघून गेला.

*

बैठक जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी झाली. हॉलमध्ये नेहमीपेक्षा दुप्पट माणसं होती. गोट्यांची गोष्ट तोपर्यंत देवळापासून दारूच्या दुकानापर्यंत फिरून आली होती. कॉर्मॅक मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याला त्याच सकाळी कामावरून काढलं होतं.

कॅडोगन उठला. चेहरा अगदी शोकसभेतला.

"मित्रांनो, सांगताना मला फार वाईट वाटतंय. माझ्या बोटीने चूक केली. माझ्या पाठीमागे केली. मी त्या तांडेलाला पोटच्या पोरासारखं वागवलं होतं. सकाळीच मी त्याला काढून टाकलं." तो थांबला, मान हलवली. "काय बोलणार! पुन्हा एक फोरन."

हॉलमध्ये कोणीतरी खुर्ची सरकवली. तेवीस वर्षं, डर्व्हलाने मनात मोजलं. तेवीस वर्षांनी हाच माणूस तेच खोटं तितक्याच सहज बोलतोय. तिने आराखडा उघडला.

"कलम अकरा," ती म्हणाली, आणि सावकाश वाचत गेली. जबाबदारी मालकाची राहील, इथे आल्यावर ती थांबली आणि तेवढी ओळ पुन्हा वाचली.

"हो, हो, पण त्याचा अर्थ असा नव्हता," कॅडोगन म्हणाला.

"मग कसा होता?"

"अहो, मालक म्हणजे ज्याने मुद्दाम... हे कलम घातलं कोणी?"

"तुम्ही, मिस्टर कॅडोगन. चौदाव्या पानावर तुमची सही आहे. टेबलावर हातही आपटला होता तुम्ही. पॅक्सीचा चहा सांडला होता."

"सांडला होता," पॅक्सी म्हणाला. "नवी पँट होती."

"मी ते इतरांसाठी मांडलं होतं!" कॅडोगन ओरडला.

आणि हॉल हसला. आधी एकजण, मग सगळे. ज्यांचा मासा वीस वर्षं त्याच्या शेडमध्ये गेला तेही हसले. कॅडोगनचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला, आणि डर्व्हलाने ते सगळं डोळे भरून पाहून घेतलं. घाई न करता, एखादी चांगली जेवणावळ जेवावी तसं. मग हात वर झाले. 'मॉर्निंग ग्रेस'चा वाटा पुढच्या पाच वर्षांसाठी गेला. लहान अकरा बोटींत तो वाटला गेला.

फेब्रुवारीत बोट स्कॉटलंडला विकली गेली. शेडचं निम्मं काम बंद झालं आणि आठ बायकांना घरी बसावं लागलं. त्यांतली एक, जोसी कीटिंग, बाजारात डर्व्हलाच्या पायापाशी थुंकली. "तुझा सूड झाला, माझ्या पोरांनी काय खायचं?" डर्व्हला तिथेच उभी राहिली, आणि जोसी गेल्यावर काही न घेताच परत फिरली. तिच्या हिशेबात ह्या आठजणी नव्हत्याच कधी. त्यानंतर ती जोसीच्या रस्त्याने जाणं टाळू लागली.

मार्चमध्ये कॅडोगन धक्क्यावर तिच्या गाडीपाशी आला. काठी घेऊन. ती मागचं दार उघडून वजनकाटा धूत होती.

"एक विचारू, पोरी? हे मासळीसाठी केलंस की माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी," डर्व्हला म्हणाली. "मासळीचं भलं झालं ते वर."

"मी काय वाईट केलं होतं तुझं?"

तिला वाटलं तो थट्टा करतोय. मग दिसलं की तो खरंच विचारतोय. "वाळूवरचे हेरिंग," ती म्हणाली. "आयलीन."

तो जरा वेळ आठवत राहिला. "अरे, ते! त्या वर्षी सगळेच ओतत होते. कोणाचं तरी नाव द्यायचं होतं. त्याची बोट धक्क्याच्या टोकाला उभी होती, नजर पडली." त्याने खांदे उडवले. "त्याच्याविरुद्ध माझं काही नव्हतं."

डर्व्हलाने वजनकाटा खाली ठेवला. इतकी वर्षं ती ज्या वैराला खतपाणी घालत होती, ते त्याच्या बाजूला कधी उगवलंच नव्हतं. नजर पडली! बापाचं आयुष्य ह्या माणसाच्या नजरेच्या एका फेरीत संपलं होतं. त्या दिवसापर्यंत तिला कॅडोगनचा राग होता. त्या दिवसापासून किळस वाटू लागली.

"जा," ती म्हणाली. "माझ्या गाडीपासून लांब व्हा."

*

आराखडा आठ वर्षांचा होता. तो संपला तेव्हा साठा रेषेच्या तिप्पट होता आणि दूरदूरची माणसं बॅलीक्रॉनचे नकाशे मागून नेत होती. कॉर्मॅकने त्या अकरांतलीच एक लहान बोट घेतली होती, खडीच्या कडेचा वाटा त्यालाही मिळाला होता. तो बहिणीशी बोले, पण वाऱ्यापावसाचंच. त्या दुपारी तिने हातात गोटे धरून त्याच्याकडे बघितलं होतं, ते तो विसरला नव्हता, आणि विसर असं तिनेही कधी म्हटलं नाही.

नव्या आराखड्याच्या बैठकीला एक अर्ज आला. रेडमंड कॅडोगन, वय चौऱ्याहत्तर. शेड गेली, बायको गेली, मुलगा ऑस्ट्रेलियाला. अठ्ठावीस फुटी जुनी बोट आहे, खडीच्या कडेचा लहान वाटा मिळावा. नवा वाटा द्यायचा तर समितीचा नियम असा की सगळे हो म्हणाले तरच हो. सगळ्यांनी डर्व्हलाकडे पाहिलं.

"माझी हरकत नाही," ती म्हणाली, "एक गोष्ट त्यांनी इथे उभं राहून सांगितली तर. कोणती, ते त्यांना माहीत आहे."

कॅडोगन पुढच्या रांगेतून उठला. पॅक्सीने काठी धरायला हात पुढे केला, तो त्याने झटकला. "त्या वर्षी वाळूवर आलेले हेरिंग," तो म्हणाला, "सगळ्यांचेच होते."

"नाही," डर्व्हला म्हणाली. "पुन्हा."

तो तिच्याकडे बघत राहिला. "बहुतेक माझे होते."

"कोणाचे नव्हते?"

"मॉसचे नव्हते."

"पूर्ण नाव. आणि तुम्ही काय केलं ते."

"डर्व," मागून कॉर्मॅकचा आवाज आला. "पुरे."

"पुरे नाही. पूर्ण नाव, मिस्टर कॅडोगन. सचिव इतिवृत्तात लिहून घेतायत."

म्हाताऱ्याने टेबलाची कड धरली. "मॉरिस फोरनचे नव्हते. ते मी ओतले. आणि मी खोटं बोललो. माझ्या माणसांनाही बोलायला लावलं." मग तो खाली बसला. उभं राहायचं बळ संपल्यासारखा, एकदम.

डर्व्हला नाही म्हणणार होती. तिच्या तोंडात तो शब्द तयार होता. हरकत नाही हे तिने म्हटलं होतं खरं, पण कॅडोगनने तरी स्वतःचा शब्द कधी पाळला होता? त्याच्यासारखीच व्हायचं तिच्या मनात आलं होतं. बोलायला लावायचं, आणि मग दार लावून घ्यायचं.

दाराशी खुर्चीवर तिची आई बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, कोट न काढता. ह्या बैठकीला यायचा तिला काही अधिकार नव्हता. तिला हाकलायची हिंमत मात्र कोणाला झाली नव्हती.

"देऊन टाक त्याला," आई म्हणाली.

"मॅम..."

"दे म्हणते ना. मॉस साठाव्या वर्षी थंड पाण्यात हात घालून ह्याच्या पेट्या धूत होता. ह्याला चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्वतःच्या हातांनी जाळं ओढू दे. डिसेंबरात. पावसात." ती उठली आणि पिशवी काखेला लावली. "मी धक्क्यावर येऊन बघत जाईन अधूनमधून."

कोणी हसलं नाही. डर्व्हलाने हात वर केला, आणि मग बाकीचे सगळे हात वर झाले.

त्या डिसेंबरात खडीच्या कडेला बारा बोटी होत्या. पहिल्या दिवशी दुपारी एकेक परत आली. कॅडोगनची सगळ्यात शेवटी, वाऱ्याने तिरपी होत. तो पुढे उभा होता, बोटं गारठून वाकलेली, हातात दोर. त्याने दोन वेळा धक्क्यावर फेकला, दोन्ही वेळा दोर पाण्यात पडला. लोक बघत होते. कोणी जागचं हललं नाही. तिसऱ्या वेळी कॉर्मॅक आपल्या बोटीवरून उडी मारून धावला, त्याने दोर झेलला आणि खुंटाला बांधला.

डर्व्हलाला ते आवडलं नाही. तो जवळून जाताना ती म्हणाली, "तूच मिळालास का त्याला?"

"दोर आला होता, डर्व," कॉर्मॅक हात पुसत म्हणाला. "आलेला दोर सोडतात का कोणी?"

डर्व्हला बादली आणि मापपट्टी घेऊन कॅडोगनच्या बोटीवर उतरली. पन्नास मासे मोजायचे होते. एरवी तिला वीस मिनिटं लागत. पाऊस सुरू झाला होता, आणि मोजणी होईपर्यंत मालकाने बाजूला उभं राहायचं असा नियम होता. नियम तिनेच लिहिला होता. तिने पहिला हेरिंग पट्टीवर ठेवला, नीट सरळ केला, आकडा लिहिला, आणि दुसरा उचलायच्या आधी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.